छातीची सुई

"जुना आजार लपवला, असं आलंय," काउंटरवरची मुलगी म्हणाली, तेव्हा काजबाईंना वाटलं ती दुसऱ्याच कुणाशी बोलतेय. त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

मुलीने मग सावकाश, समजावून सांगितलं. विमा कंपनीचा नकार आला होता. पेशंटला छातीचा जुना विकार आहे, त्यावर दरवर्षी इंजेक्शन चालू आहे, आणि पॉलिसी घेताना ही गोष्ट दडवून ठेवली. म्हणून या आजारपणाचा खर्च कंपनी उचलणार नाही. काजबाई म्हणाल्या, पोरी, कागद बदललाय तुझा, आमच्या मिस्त्रींना साधी सर्दी झाली तर गल्लीत त्याची बातमी होते. मुलीने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. कागद मिस्त्रींचाच होता. फोटोसुद्धा त्यांचाच, लेकीने पांढऱ्या चादरीसमोर उभं करून काढलेला. त्यात ते कुणीतरी दटावल्यासारखे दिसत होते.

खुद्द मिस्त्री वर तिसऱ्या मजल्यावर आयसीयूत होते. न्यूमोनिया. तोंडावर श्वासाच्या मशीनचा घट्ट मास्क, त्यामुळे बोलणं बंद. पण शुद्धीवर होते आणि डोळ्यांनी सगळं विचारत होते. सकाळीच डॉक्टर सांगून गेले होते की फुप्फुसं सावरायला लागलीत, आठवडाभर असंच नीट चाललं तर माणूस आपल्या पायांनी घरी जाईल, फक्त आता हलवाहलव नको. आणि इथे खाली ही मुलगी म्हणत होती की विमा नसेल तर पूर्ण अनामत भरा, नाहीतर उद्या दुपारपर्यंत दुसरीकडे सोय बघा. सरकारी इस्पितळात खाट मिळेल, पण वरच्यासारखं मशीन मिळेलच असं नाही, हेही तिने सांगितलं. सांगताना तिचा चेहरा पडला. ती तरी काय करणार बिचारी. तिचं काम निरोप द्यायचं, तिने दिला.

काजबाईंनी लेकीला फोन लावला आणि तो उचलेपर्यंत त्या मुलीसमोरच उभ्या राहिल्या. मागची रांग खोळंबली तरी हलल्या नाहीत. आपण बाजूला झालो की नकार पक्का होईल असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आता मिस्त्री म्हणजे शिलाई मशीनचे मिस्त्री. शिंप्यांच्या गल्लीत कुणाच्या मशीनचा टाका सुटायला लागला, दोरा तुटायला लागला, पट्टा घसरला, की मिस्त्रींना हाक जायची. खांद्याला पिशवी, पिशवीत तेलाची कुपी, दोन पेचकस आणि सुयांची पाकिटं. मशीनपाशी बसले की आधी हाताने चाक फिरवून आवाज ऐकायचे आणि मग हलक्या आवाजात मशीनलाच विचारायचे, "काय गं, कुठं दुखतंय?" माणसांशी मात्र बोलणं मोजकं. ते खातं काजबाईंकडे. त्या त्याच गल्लीतल्या शर्टांना काज-बटण करून द्यायच्या, मांडीवर शर्टांचा ढीग, बोटात सुई, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. मिस्त्रींना कुणी काही विचारलं तर उत्तर काजबाईंकडून यायचं आणि मिस्त्री मान डोलवायचे. शिंपी चेष्टा करायचे, मिस्त्री, घरात तुमचा नंबर लागतो कधी? मिस्त्री म्हणायचे, "मशीन चालू असताना मध्ये बोट घालू नये."

असा सुखाचा संसार. फार काही मिळवलं नाही, पण कुणापुढे हातही पसरला नाही.

आणि आजाराच्या बाबतीत म्हणाल तर हा माणूस भलताच शिस्तीचा. गल्लीच्या कोपऱ्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. लशींची लांबलचक नावं घ्यायचा त्यांना कंटाळा होता की लोकांना ती कळत नाहीत म्हणून, देव जाणे, पण त्यांनी प्रत्येक लशीला घरगुती नाव ठेवलं होतं. खिळा घुसला, पत्रा लागला की 'गंजाची सुई'. कुत्रं चावलं की 'कुत्र्याची सुई'. आणि दरवर्षी थंडीच्या आधी वय झालेल्या माणसांना ते फ्लूची लस द्यायचे, ती 'छातीची सुई'. लस हा शब्द त्या दवाखान्यात फक्त बाळांसाठी होता. मोठ्या माणसांना सुई. मिस्त्रींनी एक वर्ष चुकवलं नाही. शिवाय एकटे जातील तर शपथ. गल्लीतल्या म्हाताऱ्या शिंप्यांना गोळा करून न्यायचे. कुणी काचकूच केली की म्हणायचे, जन्मभर सुया हाताळल्या आणि एका सुईला भिता होय? डॉक्टर त्यांच्यावर बेहद्द खूश असायचे.

हे सगळं सांगायचं कारण, पुढचं सगळं रामायण या सुईने घडवलं.

लेक एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती. पॉलिसी तिनेच हट्टाने काढली होती, दोन वर्षांपूर्वी. आईबाबांचं वय होतंय, उद्या काही झालं तर धावपळ नको, म्हणून. हप्ताही तीच भरायची आणि त्याबद्दल घरात अवाक्षर काढायची नाही. आईचा फोन आल्यावर ती अर्धी रजा टाकून आली, आणि दोघी तशाच विमा कंपनीच्या ऑफिसात गेल्या.

तिथे काचेचं दार, आत गारठा, आणि बसायला निळ्या खुर्च्या. काजबाई पदर लपेटून बसल्या. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा टेबलामागे एक तरुण साहेब होता, लेकीच्याच वयाचा, भांग नीट पाडलेला, बोलायला मऊ. काजबाईंना वाटलं होतं कुणीतरी आडमुठा भेटेल, त्याच्याशी कडाकडा भांडायचं. वाटेत त्यांनी चार वाक्यंही जुळवून ठेवली होती. पण हा उठून उभा राहिला, त्यांना पाणी दिलं, काका आता कसे आहेत विचारलं. भांडणार कुणाशी?

त्याने सगळे कागद पाहिले. मग म्हणाला की काकू, आम्ही आमच्या मनाने काही लिहीत नाही, हे काकांनी स्वतः सांगितलंय. पॉलिसी द्यायच्या आधी कंपनीचा एक फोन येतो, तब्येतीबद्दल विचारतात, तो फोन रेकॉर्ड होतो. ऐकायचाय का? आणि उत्तराची वाट न बघता त्याने कॉम्प्युटरवर कुठेतरी बोट दाबलं.

आधी कुठल्याशा मुलीचा आवाज आला. ती भराभर, पाठ केल्यासारखं विचारत होती. सर, काही जुना आजार? बीपी, शुगर, दमा?

"काही नाही बाई. ठणठणीत."

मिस्त्रींचा आवाज. टेबलावरच्या त्या छोट्या डबीतून, स्वच्छ. काजबाई डबीकडे वाकल्या. मास्क लागल्यापासून त्यांनी हा आवाज ऐकला नव्हता. साहेबाने काय सांगितलं, आपण इथे कशाला आलो, क्षणभर सगळं विसरून त्या नुसत्या ऐकत राहिल्या. मागे गल्लीतल्या मशीनचा आवाजही येत होता. म्हणजे फोन कुठल्यातरी शिंप्याच्या दुकानात घेतला होता.

नियमित औषध किंवा इंजेक्शन चालू आहे का सर, मुलीने विचारलं. मिस्त्री थांबले. विचार करत असावेत. आणि त्या थांबण्यात दुसराच एक आवाज आला, लांबून, पण ठणठणीत.

"अहो, छातीची सुई सांगा की."

तो आवाज काजबाईंचा होता.

मिस्त्री हसले. "हां, ती छातीची सुई घेतो ना दरवर्षी. एक वर्ष चुकवली नाही."

छातीसाठी दरवर्षी इंजेक्शन, मुलगी लिहून घेत म्हणाली, कधीपासून सर? झाली की बरीच वर्षं, मिस्त्री म्हणाले. आणि त्याने आराम पडतो? एकदम, मिस्त्री म्हणाले, छाती कशी खणखणीत राहते. मुलीने धन्यवाद दिले आणि आवाज बंद झाला.

लेकीने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं काजबाईंना वाटलं. त्यांना तो दिवस आता लख्ख आठवला. लेकीने आधीच सांगून ठेवलं होतं की जो तब्येतीची काळजी घेतो त्याची कंपनी किंमत करते. म्हणून तर त्या मधे बोलल्या होत्या. आपला माणूस किती निगुतीने राहतो हे समोरच्याला कळावं, एवढाच हेतू. बाईचा हेतू चांगला होता हो. पण हेतू काही रेकॉर्ड होत नाही.

मग त्यांनी साहेबाला सगळं सांगितलं, दवाखाना, म्हातारे डॉक्टर, गंजाची सुई, सगळं. ही सुई म्हणजे लस, फ्लूची, आजार होऊ नये म्हणून घ्यायची. साहेबाने मनापासून ऐकलं. मधे एकदा घड्याळाकडेही पाहिलं नाही. ऐकून झाल्यावर त्याने कपाळ चोळलं.

"काकू, तुम्ही लस म्हणाला असतात ना, तर प्रश्नच नव्हता. लस घेणाऱ्याची जोखीम आम्ही उलट कमी धरतो. हप्त्यात थोडी सूटही मिळते."

"मग तीच धरा," लेक म्हणाली.

"पण लस कुठे म्हटलंय? सुई म्हटलंय. आमच्याकडे सुई म्हणजे इंजेक्शन. नियमित इंजेक्शन म्हणजे उपचार. आणि उपचार चालू आहे म्हणजे आजार आहे. काकांनी तर आजार नाही म्हणून सांगितलंय, म्हणजे लपवला."

काजबाई म्हणाल्या, "साहेब, कुत्र्याची सुई घेतलेला माणूस कुत्रा होतो का?"

शेजारच्या टेबलावरची बाई खुदकन हसली. साहेबाच्याही ओठांवर हसू आलं होतं, पण त्याने ते आवरलं. म्हणाला, मला कळतंय काकू, पण माझ्या कळण्यावर काही नाही. निर्णय दुसऱ्या शहरातलं डॉक्टरांचं मंडळ घेतं, मी फक्त कागद वर पाठवतो.

लेकीने मग नेमकं बोट ठेवलं. आजार आहे असं या फोनवरून दिसत होतं, तर त्याच दिवशी पॉलिसी का दिली? तेव्हाच विचारलं असतं तर तेव्हाच उलगडा झाला असता. दोन वर्षं हप्ते घेत कसे राहिलात? साहेब जरा घुटमळला. मग खरं ते सांगून टाकलं.

"तेव्हा हे फोन कुणी ऐकत नाही. क्लेम आला की ऐकतात."

पॉलिसी विकताना कान बंद आणि पैसे द्यायची वेळ आली की कान उघडे, असा सगळा प्रकार. पण हे साहेबाला ऐकवून काय उपयोग? तो बिचारा स्वतःच खाली बघत होता.

शिवाय आणखी एक गोष्ट निघाली. मिस्त्रींना इस्पितळात आणलं तेव्हा अपघात विभागातल्या डॉक्टरने काजबाईंना विचारलं होतं, आधी काही औषध-इंजेक्शन? घाबरलेल्या बाईने जे तोंडी बसलं होतं तेच सांगितलं, छातीची सुई घेतात दरवर्षी. त्यानेही लिहिलं, छातीच्या त्रासासाठी दरवर्षी इंजेक्शन. तो कागदही कंपनीकडे पोचला होता. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगितली, साहेब म्हणाला, तर मंडळ ती खरी धरतं.

"खरीच आहे की हो," काजबाई म्हणाल्या. "आम्ही दोघांनी खरंच सांगितलं."

 साहेबाने मग एकच वाट सांगितली. ज्यांनी लस दिली त्या डॉक्टरांचं पत्र आणा, आज संध्याकाळपर्यंत आलं तर मी लगेच वर पाठवतो, सकाळी उत्तर येईल. त्याने स्वतःचा मोबाइल नंबर लिहून दिला. हे तो सगळ्यांना देत नसणार.

कोपऱ्यावरचा दवाखाना गेल्या थंडीतल्या सुया देऊन झाल्यावर बंद झाला होता. तिथे आता चष्म्याचं दुकान होतं. म्हातारे डॉक्टर मुलाकडे राहायला गेले होते, लांब. औषधाच्या दुकानदाराकडून त्यांचा नंबर मिळाला आणि लेकीने रस्त्यातच, रिक्षांच्या गोंगाटात फोन लावला. डॉक्टरांना ऐकू कमी येत होतं. पण शिलाई मशीनचे मिस्त्री म्हटल्याबरोबर त्यांचा आवाज खुलला. अरे, आपला सुयांचा मिस्त्री, काय झालं त्याला? लेकीने न्यूमोनियाचं सांगितलं, आणि विम्यासाठी त्या सुईचं पत्र हवंय हेही. डॉक्टर म्हणाले, थांबा, आत्ता लिहून पाठवतो.

काजबाई त्या मधल्या वेळात इस्पितळात जाऊन आल्या. भेटायची वेळ होती. मिस्त्रींनी त्यांना पाहिल्याबरोबर भुवया उचलल्या. काय गं, कुठे होतीस? एवढ्या वर्षांच्या संसारात भुवयांचा अर्थ लागायला वेळ लागत नाही. काजबाईंनी त्यांना सांगितलं की गल्लीत सगळे विचारतात, मोठ्या शिंप्याचं मशीन पुन्हा दोरा तोडतंय, तुम्ही आल्याशिवाय ते सुधारायचं नाही. मिस्त्रींनी हवेत बोट फिरवलं, चाक उलटं फिरवतो तो मूर्ख, असं काहीतरी. काजबाई हसल्या. विम्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. दोघांच्या वाटचं बोलणाऱ्या बाईला त्या दिवशी एवढंच बोलता आलं, आणि वेळ संपायच्या आधीच त्या बाहेर येऊन जिन्यात बसल्या.

डॉक्टरांचं पत्र संध्याकाळी लेकीच्या मोबाइलवर आलं. थरथरत्या अक्षरात, जुन्या लेटरहेडवर. लेकीने मोठ्याने वाचलं. 'हे गृहस्थ अनेक वर्षे माझ्या देखरेखीखाली होते. छातीच्या रक्षणासाठी मी त्यांना दरवर्षी न चुकता सुई देत असे. अत्यंत नियमित व सहकार्य करणारे पेशंट.' काजबाईंना भरून आलं. अत्यंत नियमित, एवढा मोठा डॉक्टर म्हणतोय. त्यांनी ते वाक्य लेकीला पुन्हा वाचायला लावलं. लेकीची नजर मात्र 'सुई' या शब्दावर अडली होती. तिला काय दिसलं ते आईला अजून दिसलं नव्हतं.

तिने डॉक्टरांना पुन्हा फोन केला. डॉक्टर, कृपा करून फ्लूची लस असं लिहा. डॉक्टर म्हणाले, अगं मग तेच तर लिहिलंय. तिने तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्यांनी त्याच कागदावर खाली, दुसऱ्या पेनाने एक ओळ घातली, 'म्हणजेच फ्लूची लस', आणि नवा फोटो पाठवला. लशीच्या बाटलीचा नंबर? तो कुठून असणार. डॉक्टर म्हणाले, बाळ, मी निम्म्या लोकांकडून पैसे घेतले नाहीत, नंबर कुठून लिहून ठेवू?

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनीही आपलं पत्र दिलं. त्यांनी तर स्पष्ट सांगितलं की या वयात एवढा मोठा न्यूमोनिया होऊन माणूस तग धरून आहे, दरवर्षी लस घेत होते याचा यात फायदाच झाला असणार. पण त्यांनी ते काजबाईंच्या तोंडून ऐकूनच लिहिलं होतं, आणि काजबाईंचं तोंड आता कंपनीच्या लेखी खोटं ठरलं होतं.

सगळं साहेबाला पाठवलं. सकाळी साहेबाचाच फोन आला. तो आधी नुसता हॅलो, हॅलो करत राहिला, तेव्हाच लेकीने भिंतीला पाठ टेकली.

मंडळाचं म्हणणं असं होतं: पेशंट अनेक वर्षं छातीसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता हे आता त्या डॉक्टरांनीच मान्य केलेलं आहे. लशीबद्दलची ओळ मागाहून घातलेली दिसते. लशीची नोंद नाही, नंबर नाही, आणि डॉक्टरांचं रजिस्ट्रेशनही संपलेलं आहे. तेव्हा नकार कायम. शिवाय माहिती दडवल्यामुळे पॉलिसीही रद्द. यावर दाद मागता येते, साहेब म्हणाला, महिन्या-दोन महिन्यांत सुनावणी लागते, मी तुम्हाला सगळं भरून देईन. मग थांबून म्हणाला, "ते पत्र नसतं दिलं तर..." आणि पुढचं त्याने गिळलं.

लेकीने फोन ठेवला आणि आईला जवळ घेतलं. काजबाई म्हणाल्या, माझ्यामुळे झालं. लेक म्हणाली, आई, असं काही बोलू नकोस. पण तुझ्यामुळे नाही झालं, असं काही ती म्हणाली नाही. काजबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना तिचा राग आला नाही. पोरीने आपल्या पगारातून दोन वर्षं जपलेली गोष्ट एका वाक्याने गेली होती, आणि ते वाक्य बाहेर पडलं होतं ते काही मिस्त्रींच्या मनातून नव्हे.

अनामतीएवढे पैसे गोळा होण्यासारखे नव्हते. गल्लीतल्या शिंप्यांनी जमवाजमव करून काही पाठवलं, ते अँब्युलन्सला आणि औषधांना लागलं. दुपारी मिस्त्रींना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी डोळे मोठे केले. काजबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या की दुसऱ्या मोठ्या इस्पितळात नेतोय, तिथे जास्त चांगले डॉक्टर आहेत. मिस्त्रींनी मान डोलवली. बायको सांगते म्हणजे असेल. वाटेत ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा दोनदा खाली आला आणि अँब्युलन्सच्या माणसाने तो हाताने ठोकून वर आणला.

सरकारी इस्पितळात वॉर्ड भरलेला होता. दोन खाटांच्या मधे तिसरी खाट सरकवून मिस्त्रींना जागा केली. भिंतीतून ऑक्सिजनची नळी होती, पण आधीच्या इस्पितळातलं मशीन नव्हतं. तशी इथे दोनच होती आणि दोन्ही लागलेली. नाव घालून ठेवतो, कुणाचं सुटलं की लावू, असं वॉर्डातल्या नर्सने सांगितलं. मिस्त्रींची छाती भरभर वरखाली होत होती, बोलायला दम पुरत नव्हता. लेक खाली नोंदणीच्या रांगेत उभी होती.

एक तरुण डॉक्टरीण आली. डोळे तारवटलेले, बहुतेक कालपासून ड्युटीवर. पण खाटेपाशी आल्यावर तिने आधी मिस्त्रींच्या कपाळावर हात ठेवला, त्यांची नाडी पाहिली आणि मगच हातातला कागद उघडला. आजी, तुम्ही यांच्या कोण? बायको. मी विचारते तसं नीट आठवून सांगा, मला उपचार ठरवायचेत, असं ती मऊ आवाजात म्हणाली.

तो मऊ आवाज काजबाईंना आवडला नाही. मऊ आवाजात विचारलेलं त्यांनी आधीही सांगितलं होतं.

बीपी? नाही. शुगर? नाही. बिडी-सिगारेट? नाही. दमा, टीबी, छातीचा काही त्रास? नाही. नेहमीचं कुठलं औषध, इंजेक्शन? नाही. काजबाई एकेका शब्दात उत्तर देत होत्या आणि डॉक्टरीण लिहीत होती. मग तिने विचारलं, फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस घेतली होती का कधी? काजबाई गप्प राहिल्या. डॉक्टरणीने कागदावरून मान वर केली.

"घेतली असेल तर सांगा आजी. चांगलीच गोष्ट आहे, मला उपयोग होईल."

काजबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. सांगावं असं त्यांना फार वाटलं, सगळं सांगावं, दरवर्षी घेतली, एक वर्ष चुकवली नाही, चार जणांना बरोबर नेऊन घेतली. ही मुलगी खोटं बोलत नाही हेही त्यांना दिसत होतं. पण तोंड उघडायची त्यांना भीती वाटली. एवढी भीती त्यांना उभ्या जन्मात बोलायची वाटली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "कसलीच नाही घेतली."

मिस्त्रींनी डोळे उघडले. ते बायकोकडे बघत राहिले, काही तरी चुकलं की बघायचे तसे, न रागावता. मग त्यांनी उजवा हात उचलला. सलाइन लावलेला तो हात वर यायला वेळ लागला. तो त्यांनी डाव्या दंडावर नेला आणि बोटाने तिथे टोचून दाखवलं, एकदा, दोनदा. मग पुन्हा बायकोकडे पाहिलं, अगं सांग की, म्हणून.

"काय म्हणतायत ते?" डॉक्टरणीने विचारलं.

काजबाईंनी त्यांचं बोट हलकेच दंडावरून सोडवलं आणि आपल्या मुठीत धरलं. बोट गरम होतं. ते सुटायला बघत होतं, मग थांबलं.

"हात दुखतोय म्हणतायत," काजबाई म्हणाल्या.

डॉक्टरणीने मान हलवली आणि तेही लिहून घेतलं.